म्हशीची बाटली

दिवाळीचा फराळ संपत आला की मला शिंका सुरू होतात. साध्या नव्हेत. एकापाठोपाठ अकरा-बारा, मग दोन मिनिटांची सुट्टी, मग पुन्हा तेवढ्याच. नाकातून पाणी, डोळे लाल, आणि टाळूला आतून अशी खाज की जीभ बाहेर काढून खाजवावंसं वाटतं. हे होळीपर्यंत चालतं आणि मग आपोआप थांबतं. चार वर्षं मी याला सर्दीच म्हणत होते. चार महिने टिकणारी सर्दी नसते, हे मराठीच्या शिक्षिकेला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या सातवीच्या मुलींना तर ती सर्दी संपूच नये असं वाटत होतं. त्या माझ्या शिंका मोजायच्या. एका तासाला सतरा झाल्या त्या दिवशी मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या आणि मलाही हसू आवरेना.

आमचं घर कोल्हापुरात, जुन्या पेठेत. माहेर शिरोळकडचं, त्यामुळे मी उसाच्या फडात लपाछपी खेळून वाढलेली. सासरी म्हशींचा धंदा. मी लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात नऊ म्हशी होत्या. सासऱ्यांचं वय वाढत गेलं तशा त्या कमी होत गेल्या, आणि शेवटी एकच उरली. नवऱ्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान; त्याला शेणापेक्षा ग्रीस बरं वाटतं. ही शेवटची म्हैस मात्र सासऱ्यांनी सोडली नव्हती. सकाळ-संध्याकाळ ते तिला घेऊन दूध कट्ट्यावर जात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढत आणि फेसाचा पेला हातात देत. सासूबाई गेल्यापासून ते घरात फार बोलत नसत. जे बोलायचं ते म्हशीशी बोलत. तिला नाव आहे, पण इथं लिहीत नाही. निम्मं कोल्हापूर तिला नावानं ओळखतं आणि या प्रकरणात तिची बदनामी आधीच भरपूर झाली आहे.

गेल्या वर्षी शिंकांनी कहर केला तेव्हा मी गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरात जनावर आहे का?"

"म्हैस आहे."

"मग झालं तर. केसांची ॲलर्जी. जनावर हलवा."

दोन वाक्यांत निकाल. आणि खरं सांगायचं तर पुरावाही म्हशीच्या विरोधातच होता. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा सण असतो. त्याच्या आदल्या दिवशी त्यांची हजामत करतात, शिंगं घासून चमकवतात, अंगावर नक्षी काढतात आणि पाडव्याला मोटारसायकलीच्या मागं पळवतात. म्हणजे अंगणभर म्हशीचे केस उडाले की चार-आठ दिवसांत माझ्या शिंका सुरू. चारही वर्षं असंच झालेलं. कुठल्याही न्यायाधीशानं तिला सरळ आत टाकलं असतं.

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासरे भाकरी खात होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"डाक्तरनं म्हस बघिटली काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग न बघताच कसा म्हनतोय?"

त्या दिवसापासून सासरे म्हशीचे वकील झाले. गोठ्याबाहेरच्या भिंतीवर त्यांनी खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. मी शिंकले की एक रेघ. पण त्यांची नोंद एकतर्फी होती. गोठ्याजवळ आलेली शिंक ते धरतच नसत. स्वयंपाकघरात, गच्चीवर, रस्त्यावर आलेली शिंक मात्र लगेच भिंतीवर चढे. शाळेतल्या शिंकांचा हिशेब मी संध्याकाळी द्यायचा. "शाळंत म्हस हाय काय?" असं नवऱ्याला विचारून ते समाधानानं बारा रेघा ओढायचे. नवरा मला हळूच म्हणायचा, "अगं, आज पाच कमी सांग की. भिंत संपत आली."

वकिली चालू असताना दुसऱ्या बाजूनं म्हशीला निर्मळ करण्याचाही कार्यक्रम सुरू झाला. सासऱ्यांनी तिला रोज दोन वेळा आंघोळ घालायला घेतली. आधी शिकेकाईनं, मग माझ्या शांपूनं. तीन दिवसांत बाटली रिकामी झाल्यावर मला पत्ता लागला. कट्ट्यावरच्या लोकांनी आणखी उपाय सुचवले. एकानं धारोष्ण दूध उभ्यानं प्यायला सांगितलं, एकानं तांबडा रस्सा नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ओरपायला. मी म्हटलं, पाणी येतंच आहे, रस्सा कशाला वाया घालवू? पण ओरपला. आमच्याकडं रश्श्याला नाही म्हणायची पद्धत नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका शनिवारी संध्याकाळी दिवा लावताना मला असा झटका आला की शिंका थांबेचनात. डोळे सुजून बारीक फटी झाल्या, चेहरा ओळखू येईना. मी पायरीवर बसले आणि चक्क रडायला लागले. त्रास फार होता म्हणून नव्हे, कंटाळा आला होता म्हणून. चार वर्षं दर थंडीत माणसात न राहिल्यासारखं व्हायचं, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाच्या बाळाला उचलायचं नाही, त्याचा कंटाळा. सासरे दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा भिंत ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेली होती आणि दावणीला म्हैस नव्हती.

"कोडोलीला धाडली," सासरे म्हणाले. कोडोलीला त्यांचा तालमीतला जुना दोस्त आहे, शेती करतो. "हंगामापुरती. तू बरी झालीस की आनू."

"मामा, विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू नगं म्हनली असतीस," ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. त्यांनी कट्ट्यावर जायच्या वेळेला पायात चपला घातल्या, मग पुन्हा काढल्या.

मला वाटलं होतं, निदान शिंका तरी थांबतील. कसलं काय! वाढल्या. म्हैस जाऊन आठवडा झाला, दोन झाले, आणि मी आपली पूर्वीपेक्षा जोरात. आता मात्र मला राग आला. डॉक्टरांचा, स्वतःचा आणि त्या रिकाम्या दावणीचाही. म्हातारा माणूस दिवसातून दोनदा चपला घालून काढतो आणि मी इकडे विनाकारण शिंकते, हे मला पाहवेना. म्हैस दोषी असेल तर एकदाचं तसं कळू दे, आणि नसेल तर ती या घरात परत आली पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. नवऱ्याच्या गिऱ्हाइकांपैकी एकानं ॲलर्जीच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. मी वेळ घेतली.

बाईंनी मान वर करून, माझ्याकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला: "शिंका नेमक्या कधी येतात?"

"नेहमीच."

"नेहमी काहीच येत नाही," त्या म्हणाल्या. "एक वही घ्या. शिंका आल्या की वेळ, जागा, तेव्हा काय करत होतात, वारा होता का, जवळ काय होतं, सगळं लिहा. मग हातावर टोचून तपासू; त्याआधी सर्दीच्या गोळ्याही आठवडाभर बंद ठेवाव्या लागतील. सोसेल ना?"

"आणि म्हैस?" मी विचारलं. "ती गेली तरी शिंका आहेतच. म्हणजे ती सुटली की नाही?"

"एवढ्यात नाही सुटत. जनावराच्या अंगाचे बारीक कण घरात महिनोन्‌महिने टिकतात. तिच्या जाण्यानं काहीच सिद्ध होत नाही."

म्हणजे म्हशीची रवानगी फुकट गेली होती. ते मी घरी सांगितलं नाही.

वही लिहायला मला मनापासून आवडलं. मुलींच्या वह्या तपासण्यात आयुष्य गेलं, आता स्वतःची. आठ दिवसांनी मी ती शिक्षिकेच्या नजरेनं वाचली तेव्हा एक गोष्ट लाल शाईनं अधोरेखित करावी इतकी ठळक दिसली. स्वयंपाकघरात खिडकीशी सर्वांत जास्त. शाळेत जाताना उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे स्कूटर अडकली की हमखास. शाळेत दहा वाजेपर्यंत, आणि मग कमी कमी. माहेरी एक दिवस जाऊन आले, तिथंही फडाच्या कडेनं चालताना भरपूर. पावसाची भुरभुर झाली त्या दिवशी एकही नाही. या सगळ्यात म्हैस कुठंच नव्हती. पण उसाचा वास सगळीकडे होता.

"शिरोळची पोरगी आनि उसाचा तरास?" सासरे म्हणाले. "कुनाला सांगू नको."

तपासणीच्या दिवशी ते आपणहून सोबत आले. धुतलेला फेटा बांधून. बाईंनी माझ्या हातावर पेनानं खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एकेक थेंब टाकला आणि बारीकशा टोकानं टोचत गेल्या. धूळ, झुरळ, बुरशी, निरनिराळ्या गवतांचे परागकण. सासरे खुर्ची पुढे ओढून, चष्मा लावून एकेक बाटली बघत होते.

"ह्यात म्हस कंची?" त्यांनी विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. "कुत्रा आहे, मांजर आहे, घोडा आहे. गाय आहे. म्हशीची बाटली माझ्याकडे नाही, आजोबा."

सासरे उभे राहिले. एवढा अपमान मी त्यांचा पूर्वी कधी झालेला पाहिला नव्हता. "घोडा हाय? कोल्हापुरात दवाखाना काढलाय, घोड्याची बाटली ठेवलीया, आनि म्हशीची न्हाय?"

बाई हसत सुटल्या. बाहेर बसलेले पेशंटही हसले. सासरे हसले नाहीत. ते पुढची वीस मिनिटं माझ्या हाताकडे टक लावून बसले, आणि मी खाजवू नये म्हणून माझा दुसरा हात त्यांनी धरून ठेवला.

वीस मिनिटांनी हातावर तीन गांधी उठल्या होत्या. एक बारीक, घरातल्या धुळीची. एक मध्यम, बुरशीची. आणि एक रुपयाएवढी, लालबुंद, फुगलेली. बाईंनी यादी पाहिली. "गाजर गवत," त्या म्हणाल्या. "तुमचा मुख्य गुन्हेगार हा. गायीची जागा कोरी आहे, पण म्हशीबद्दल मी छातीठोक सांगू शकत नाही."

गाजर गवत! पांढऱ्या बारीक फुलांचं ते गवत बांधावर, रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटात, जिथं जागा मिळेल तिथं माजतं. पण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी ते कुठून आलं? बाई विचारत होत्या आणि मला दिसत होता तो आमच्या गोठ्याच्या भिंतीला लावलेला वाड्याचा ढीग. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, ऊसतोड सुरू होते आणि होळीपर्यंत आमच्या भागातली सगळी जनावरं वाडंच खातात. तोडणीवाले घाईघाईनं मोळ्या बांधतात, त्यात बांधावरचं गाजर गवत फुलांसकट आवळलं जातं. घरी आणून आम्ही ते नेमकं खिडकीखाली रचायचो, कारण तिथं सावली. खालचं ओलं राहून त्याला बुरशी धरायची, वरचं वाळून त्याचा भुगा उडायचा. आणि म्हैस गेल्यावर? खाणारी गेली, पण आणलेलं वाडं कुणी हलवलंच नव्हतं. तीन-साडेतीन आठवडे ते तिथं कडकडीत वाळत होतं आणि मी त्याच्या पलीकडे फोडणी देत शिंकत होते.

"पण माझं बालपण सगळं उसात गेलं," मी म्हटलं. "तेव्हा काही झालं नाही."

"कुठल्याही वयात सुरू होते ही," बाई म्हणाल्या. त्यांनी नाकात मारायचा फवारा लिहून दिला आणि तो हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून घ्यायचा, त्रास सुरू होण्याची वाट बघायची नाही, असं बजावलं. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं, तेही उकळून गार केलेल्या पाण्यानं. बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदलायचे. केस उघडे ठेवून ट्रॉलीमागे स्कूटर चालवायची नाही.

मी सगळं ऐकलं आणि म्हटलं, "म्हशीची बाटली नाही, पण म्हैस आहे. कोडोलीला. मी जाऊन तिच्या गळ्यात पडले तर?"

बाईंनी माझी छाती पुन्हा तपासली. दम्याचं काही नाही याची खात्री केली. "गोळ्या बंद आहेत तोवरच जाऊन या. औषध सोबत ठेवा आणि श्वासाला काहीही जड वाटलं तर लगेच लांब व्हा, मला फोन करा. आणि तिथं वाडं असेल तर त्याच्याजवळ जाऊ नका, नाहीतर पुन्हा घोटाळा."

सासरे म्हणाले, "मी येत न्हाय. तुमी दोगं जावा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आम्ही कोडोलीत पोचलो तर हे आमच्या आधीच त्या दोस्ताच्या अंगणात बसलेले. पहाटेच्या एसटीनं आले होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, म्हशीची आठवण अनावर झाली असेल. त्यांच्या येण्याचं खरं कारण मला दुपारी कळलं.

त्यांचे दोस्त सत्तरी ओलांडलेले, कानाच्या पाळ्या कुस्तीत चेचलेल्या, आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. "या पावणं! डाक्तरीन आली न्हाय व्हय?" त्यांच्याकडे वाड्याचा एक शेंडाही नव्हता. जनावरांना घरचं हिरवं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी. आमची म्हैस ते खात निवांत उभी होती. अंग तुकतुकीत. आमच्या विरहानं ती झुरली वगैरे असेल ही माझी कल्पना तिनं एका नजरेत मोडीत काढली.

मी गोठ्यात शिरले. नवऱ्यानं मोबाइलवर वेळ लावली. मी तिच्या मानेला मिठी मारली, नाक तिच्या कातडीत खुपसलं आणि खोल श्वास घेतला. शेण, कडवळ, ऊन आणि तिचा स्वतःचा गरम वास. पाच मिनिटं. दहा. मी गाल घासला, हात फिरवून तोच हात डोळ्यांना लावला. पंधरा. म्हशीनं एकदा माझा पदर चाटला. सासरे अंगणात पाठ करून उभे होते, त्यांच्यानं बघवत नव्हतं. अर्धा तास झाला तेव्हा माझ्या नाकाला वासाखेरीज काही जाणवत नव्हतं. त्रास उशिरानंही सुरू होऊ शकतो म्हणून आम्ही आणखी दोन तास थांबलो. झुणका-भाकर खाल्ली. मी पुन्हा जाऊन तिच्याशेजारी बसले. कोरडं नाक. चार वर्षांतला माझा पहिला कोरडा डिसेंबर, आणि तो म्हशीच्या गोठ्यात!

नवऱ्याचा मात्र मेकॅनिकचा जीव. "बिघाड कुठं न्हाय हे कळलं. कुठं हाय ते पन दिसू दे की," असं म्हणून तो शेजारच्या मळ्यातून वाड्याची एक मोळी घेऊन आला आणि माझ्यापासून दहा पावलांवर ती सोडली. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं त्याच्या कुठून लक्षात असणार! मोळीत गाजर गवताचे तीन तुरे होते, फुलांसकट. वाऱ्याची एक झुळूक आली. मी तोंड उघडलं.

"एक!" दोस्त ओरडले. "दोन! तीन!" सातव्या शिंकेला अंगणातली बायकामाणसं जमली. अकराव्या शिंकेला सासरे, जे तालमीबाहेर कधी नाचले नसतील, दोन्ही हात वर करून उडी मारत होते. "शिंकली! गवताला शिंकली! म्हस मोकळी!" माझ्या शिंकांवर एवढा आनंद माझ्या सातवीच्या मुलींनीसुद्धा केला नव्हता. मी डोळे पुसत, शिंकत, हसत गोळी घेतली आणि त्या मोळीपासून लांब पळाले.

मग मी म्हटलं, "चला, आता हिला घरी न्यायची."

दोस्तांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी त्यांना खूण केली, नको म्हणून. पण ते कसले थांबतात.

"न्यायची? पोरी, ह्यो तर मला म्हनला, कायमची ठेव. म्हनला, परत मागाय येनार न्हाय, आनि आलो तर दीऊ नको. आज सक्काळी पुन्ना आला सांगाय, की सुनंला यातलं बोलू नको म्हनून."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. हंगामापुरती, असं मला सांगून ते तिला कायमची देऊन आले होते. पन्नास वर्षांचा धंदा, शेवटची म्हैस, दिवसातून दोनदा बोलायचं माणूस. आणि मला कधी अपराधी वाटू नये म्हणून खोटंही बोलले होते. मला भयंकर राग आला. तेवढंच प्रेमही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाचा आवाज चढतो.

"मामा, तुम्ही समजता काय स्वतःला? मला न विचारता?"

"म्हस काय, दुसरी मिळंल," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तू त्या पायरीवर रडत बसलीस त्ये मला बघवलं न्हाय. घरातलं मानूस रडतंय आनि मी म्हस कवटाळून बसू व्हय?"

दोस्तांनीच वातावरण हलकं केलं. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, "न्ह्या की! मी काय म्हस खातोय? पन फुकट देनार न्हाय. ये, हात दे." आणि मिळून दीडशे वर्षांच्या त्या दोन पैलवानांनी अंगणात खडाखडी केली, पंज्यात पंजे अडकवून. दोघांचेही गुडघे वाजत होते. कोण जिंकलं ते ठरलं नाही, कारण दोघंही एकाच वेळी धापा टाकत खाली बसले.

आता आमच्याकडं वाडं येतं, पण मोळी गल्लीच्या तोंडाशी सोडून, पाणी मारून, नवरा गाजर गवत निवडून टाकतो आणि मगच ते आत येतं. खिडकीखाली काही रचत नाही. मागच्या रिकाम्या प्लॉटातलं गाजर गवत फुलायच्या आधी गल्लीनं हातमोजे घालून उपटलं. मी त्या वेळी माहेरी होते, मुद्दाम. फवारा मी दसरा झाला की सुरू करते. यंदा अजूनही कधी कधी दोन-तीन शिंका येतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. सातवीच्या मुली निराश आहेत.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीचं. कोडोलीतल्याच एकाच्या टेंपोत म्हैस चढवली. नवरा मोटारसायकलवरून पुढं गेला. मी ड्रायव्हरशेजारी बसले. सासऱ्यांना पुढं बसा म्हटलं तर ऐकेनात, मागं म्हशीजवळच उभे राहिले, दोरी धरून. कोल्हापूरच्या रस्त्याला वळल्यावर मागच्या जाळीतून त्यांचं बोलणं कानावर यायला लागलं. त्यांना वाटत होतं, इंजिनाच्या आवाजात पुढं काही जात नसेल.

"राग आला आसंल तुला," ते म्हशीला सांगत होते. "येऊ दे. मी तुला टाकून गेलतो, खोटं कशाला बोलू. मी परत येनारच नव्हतो. तिनं न्हाय टाकलं तुला. हातावर टोचून घेटलं, औषध सोडलं, तोंड सुजवून घेटलं तुज्यासाटनं. तवा आता मालकीन तीच. मी आपला गडी."

मग त्यांचा आवाज जरा खालच्या पट्टीत आला.

"आनि माजी लेक कोन म्हनून कुनी इचारलं, तर तिच्याकडं बोट करायचं."

त्यांना लेक नाही. सव्वीस वर्षं मी त्या घरात सून म्हणून वावरले आणि त्यांनी मला कधी हाक मारली तर 'आगं' म्हणून. मी जाळीतून मागं हात घातला. त्यांनी दचकून पाहिलं, मग दोरीचं टोक माझ्या हातात दिलं, आणि कोल्हापूर येईपर्यंत ते आम्ही दोघांनी धरून ठेवलं.